मुका मेपल

९ फेब्रुवारी १९८७, सोमवार

जॉर्जीचा फोन आला. लाइन इतकी घाणेरडी की पोरगी विहिरीत बसून बोलतेय असं वाटत होतं. तीनदा "काय? काय?" केल्यावर माझ्या बायकोने, ब्लांचने, माझ्या हातातून फोन हिसकावला, सगळं ऐकून घेतलं आणि मग मला सांगितलं. तेही तोंडातल्या तोंडात. ओमाहाच्या मोटेलबाहेर जॉर्जीची गाडी फोडली. रेडिओ नेला, कोट नेला, पूल खेळायचा क्यू नेला.

काय नेलं ते त्या भुरट्याला कळणारही नाही. कुठल्याशा बारमध्ये दोन बाटल्यांच्या बदल्यात देऊन टाकेल. जॉर्जी सोळा वर्षांची होती तेव्हा तिच्या हाताची मापं घेऊन मी तो बनवला होता. तिची करंगळी लहानपणी गाडीच्या दारात सापडून वाकडी झाली, म्हणून मुठीचा घेर मागच्या बाजूला किंचित कमी ठेवला होता. तेव्हापासून तिने दुसऱ्या क्यूला हात लावलेला नाही. आता ओमाहात कुणाचा तरी उसना घेऊन खेळली आणि पहिल्याच दिवशी हरली. उसन्या क्यूने खेळणं म्हणजे दुसऱ्याची कवळी लावून जेवणं.

चोवीस एप्रिलला मिलवॉकीत बायकांची मोठी स्पर्धा आहे. पहिल्या आठात आली तर वर्षभर दौऱ्यावर खेळायला मिळेल. नाही आली तर पुन्हा ओट्सच्या कारखान्यात खोकी चिकटवायला. ब्लांचकडे निरोप दिलाय तिने: "पपाला सांग, ही शेवटची खेप. एकोणतीस झाले मला."

सांग तिला म्हटलं, एमिल कुचेरा अजून मेलेला नाही. लोक माझ्या क्यूसाठी तीन-तीन वर्षं थांबतात, पोरीसाठी अडीच महिन्यांत करून देतो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मागची जाड मूठ तयारच आहे. डेव्हनपोर्टच्या एका दंतवैद्यासाठी करत होतो, त्याला म्हटलं थांबा अजून वर्षभर. भला माणूस, थांबतो म्हणाला. बुट्ट्याबुट्ट्यांचं मेपलचं लाकूड, त्यात आबनुसाच्या चार टोकदार पाचरी. दिसायला देखणी आहे. लोकांना वाटतं क्यू म्हणजे ही मूठच. दिसतं ते तेवढंच ना. पण क्यूचा जीव असतो तो पुढच्या बारीक दांड्यात. चेंडूला लागतो तो दांडा, आणि चेंडू काय म्हणाला ते हाताला सांगतो तोही दांडाच.

माझे दांडे तळघराच्या छताला टांगलेले असतात. चौकोनी मेपल आणायचा, गोल करायचा, टांगायचा. वर्षाने लेथवर केसाएवढा उतरवायचा, परत टांगायचा. घाई केली की लाकूड सूड घेतं, वाकतं. वाकला तो ब्लांचच्या टोमॅटोच्या रोपांना आधाराला. सरळ राहिला त्याला दहाव्या वर्षी विचारायचं, बाबा रे, तू जिवंत आहेस का? म्हणजे दोन बोटांत सैल धरायचा आणि बूड सिमेंटवर आपटायचं. जिवंत दांडा खणखणीत वाजतो, आवाज वरपर्यंत चढत जातो. मेलेला बद्द वाजतो. हे मला माझ्या उस्तादाने, म्हाताऱ्या शिमेकने शिकवलं आणि त्याला त्याच्या बापाने.

आज उतरवायला आलेले सहा वाजवले. सहाही बद्द.

असं कधी झालं नव्हतं. सहात एखादा निघतो बद्द, फार तर दोन. हवा तर कोरडी आहे. उद्या पुन्हा बघतो.

१५ फेब्रुवारी, रविवार

प्रार्थनेला गेलो. चर्चची घंटा बंद केलेली दिसते. कोणी तक्रार केली असणार, हल्ली नवीन लोक आलेत वस्तीत. त्यांना ओट्सचा वास सोसत नाही, घंटा सोसत नाही, काहीच सोसत नाही. नवा फादर तर प्रवचन स्वतःच्या कॉलरलाच सांगतो.

परतताना गाडीत ब्लांच चिडली. कशावरून ते कळलं नाही. म्हणाली, "तुझ्याशी बोलण्यापेक्षा फ्रीजशी बोलावं. तो निदान गुरगुरतो तरी." मी म्हटलं, वयानुसार तुझा आवाज बसत चाललाय, डॉक्टरला दाखव. घरापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली. पण जेवायला डुकराचं मांस आणि डम्पलिंग केले होते, म्हणजे फार चिडलेली नसावी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पाच दिवस तेच. सिमेंटवर वाजवले, अंगणातल्या फरशीवर वाजवले, ऐरणीवर वाजवले. बद्द, बद्द, बद्द. बोटांना जराशा मुंग्या येतात, पण बोटांचं काय घेऊन बसलात. म्हाताऱ्या बोटांना कशानेही मुंग्या येतात. कानात काही उतरत नाही.

शिमेकचा नियम होता: मेलेलं लाकूड दुकानात ठेवायचं नाही. आज ठेवशील, उद्या अडलास की तेच वापरशील, आणि तुझ्या नावाने कुणाच्या तरी हातात मढं जाईल. बद्द निघाला की त्याच दिवशी मधोमध कापायचा आणि चुलीच्या ढिगात टाकायचा. चाळीस वर्षं हा नियम मी मोडलेला नाही. सहाही कापले.

दहा-दहा वर्षं जपलेले. नियम म्हणजे नियम.

ब्लांच जिन्यावरून वाकून म्हणाली, "कापतोस कशाला? वर स्वयंपाकघरात किती गोड ऐकू येत होतं! मला वाटलं खाली कोणी पियानो घेऊन बसलंय." माझी चेष्टा करायची हीच वेळ सापडली तिला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

लॅडी ह्रुष्का आला होता. बेकरीखालच्या तळघरात त्याचं पूलचं दुकान. चौतीस वर्षांची दोस्ती, पण भिंतीला त्या खराट्याच्या दांड्यांसारख्या काठ्या लावून ठेवतो आणि त्यांना क्यू म्हणतो, याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही. हल्ली तो बोलतो कुठे, ओरडतो. बियर पिणाऱ्यांत राहून गळा मोठा झालाय.

मी त्याच्यासमोर नववा का दहावा दांडा वाजवला. बद्द. करवत उचलली तसा त्याने माझं मनगट धरलं.

"अरे म्हाताऱ्या, डोकं फिरलं का तुझं? चांगला वाजला की!"

"तुला काय कळतंय लाकडातलं? तू पिपं वाजवून बघ, त्यात बियर आहे का नाही ते."

"एमिल, कान तपासून घे."

म्हणाला तो असं. माझ्या दुकानात, माझ्या तोंडावर. मी त्याला चालता हो म्हटलं.

माझे कान! या कानांवर शिकागोपासून सेंट लुईपर्यंतचे खेळाडू विश्वास ठेवतात. आणि मला ऐकू येत नाही म्हणावं तर लेथ ऐकू येतो. ट्रक ऐकू येतो. वर ब्लांचने तवा आपटलेला ऐकू येतो, हल्ली ती आपटतेही फार. सगळं येतं ऐकू. फक्त लाकूड मुकं झालंय. कान गेले असते तर सगळंच गेलं असतं ना? साधा हिशोब आहे.

ब्लांचचाही सूर तोच. दोघांनी मिळून ठरवलेलं दिसतंय. मी म्हटलं, जॉर्जीचा क्यू होईपर्यंत या घरात कानाचं नाव काढायचं नाही.

६ मार्च, शुक्रवार

कारण सापडलं!

पेपरात आलंय, आम्लाचा पाऊस. कारखान्यांचा धूर ढगात जातो, पावसातून खाली येतो आणि उत्तरेकडची मेपलची जंगलं आतून मरतात. बाहेरून झाड हिरवंगार दिसतं, म्हणे. मी ते कात्रण ब्लांचपुढे ठेवलं आणि म्हटलं, वाच. तिने वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं जसं काही माझंच कोणीतरी गेलंय.

मिशिगनच्या लाकूडवाल्याला फोन केला. त्याचं बोलणं नीट कळेना, पण चिडला हे कळलं. म्हटलं, तू मला मेलेल्या झाडांचं लाकूड विकलंस. "ही झाडं कापली तेव्हा पाऊस चांगला होता!" असं काहीतरी तो म्हणाला, आणि फोन ठेवला का लाइन गेली, देव जाणे. वीस वर्षांचा व्यवहार तुटला. तुटू दे.

१३ मार्च, शुक्रवार

इलिनॉयमधल्या एका जुन्या दोस्ताकडून चार दांडे मागवले होते. तोही हेच काम करतो, आणि माझ्याइतकंच चांगलं करतो. हे मी लिहून ठेवतो, तोंडाने म्हणणार नाही. त्याचे म्हणजे बारा-बारा वर्षं टांगलेले.

चारही बद्द.

म्हणजे गोष्ट माझ्या तळघरापुरती नाही, सगळ्या देशातला मेपल गेला. मग मला दुसरीच भीती वाटायला लागली. गेल्या दोन-तीन वर्षांत मी जे क्यू पाठवले त्यांचं काय? तेही असेच असले तर? पिओरियाच्या एका गिऱ्हाइकाला फोन लावला. ब्लांचला मध्ये बसवलं, कारण लाइन. ती म्हणाली, "तो म्हणतो क्यू गातो. म्हणतो, बायको गेली तरी चालेल, क्यू जाऊ देणार नाही." चांगला माणूस आहे, मला वाईट वाटू नये म्हणून बोलतो.

जॉर्जीला अजून सांगितलेलं नाही.

२४ मार्च, मंगळवार

वसंत आला म्हणे. कुठे आलाय? एक पाखरू नाही, कार्डिनल नाही, रॉबिन नाही. दरवर्षी पहाटे खिडकीशी नुसता कालवा असतो. यंदा सगळं चिडीचूप. ब्लांच रोज दाणे घालते आणि रोज भांडं रिकामं होतं. खारी खात असणार.

झाडं मेली, पाखरं गेली. हे कुणाच्या लक्षात कसं येत नाही? सगळे जण हसतात, बोलतात, कोलाचीचे गोड पाव खातात. मी एकटाच बघतोय हे सगळं. सकाळी दाढी करताना रडू आलं. का ते कळलं नाही. तोंडाला साबण तसाच, बसून राहिलो टबाच्या कडेवर.

ब्लांच दारात आली. माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली. एरवी मी म्हणालो असतो, जा ग, काय लहान पोर आहे का मी. आज म्हटलं नाही.

३० मार्च, सोमवार

जॉर्जीचा फोन. ब्लांचने घेतला. जॉर्जी विचारतेय, दांडे झाले का, वजन किती येतंय, ती अकरा तारखेला येतेय. दोन दांडे लागतात प्रत्येक क्यूला. एक खेळायला, एक बरोबर, खेळताना काही झालं तर. माझ्याकडे एकही नाही. वर टांगलेले आहेत अजून, पण वाजवायची हिंमत होत नाही. जोवर वाजवत नाही तोवर त्यातला एखादा जिवंत असू शकतो.

ब्लांचला म्हटलं, सांग तिला, होतंय.

३ एप्रिल, शुक्रवार

आज वाजवले. सगळे.

सकाळची कॉफी झाल्यावर खाली गेलो आणि टोकापासून सुरुवात केली. दहा वर्षांचे, नऊचे, सातचे, पाचचे. काही तर अजून मनगटाएवढे जाड होते, त्यांना वाजवायची वेळही नव्हती झाली. पण मला राहवेना. एक काढायचा, आपटायचा, कानाशी न्यायचा, परत आपटायचा. बद्द. मग करवत. मग पुढचा. मध्ये एकदा वाटलं, थांबावं. एखादा ठेवावा. जॉर्जीला काय कळतंय, पोरगी खुश होईल, रंगरोगण करून देऊन टाकावा. तेव्हा शिमेक आठवला. हीच ती वेळ, जिच्याबद्दल तो बोलायचा. पोटच्या पोरीच्या हातात मढं देणार का रे एमिल? मग दातओठ खाऊन जोरात करवत चालवली.

ब्लांच दोनदा खाली आली. पहिल्यांदा ओरडली. हात धरायला गेली तेव्हा मी तिला ढकललं नाही, पण माझा चेहरा बघून तीच मागे सरली. दुसऱ्यांदा आली ती गुपचूप, धुण्याची टोपली घेऊन, आणि तशीच वर गेली.

आता वर छताला नुसते खिळे आहेत. माझ्या वयाच्या माणसाला पुन्हा दहा वर्षं टांगायला मिळत नाहीत. आणि टांगू काय? जंगलंच मेली. संपलं माझं काम. आता हात गेला तरी चालेल, करायला आहेच काय.

५ एप्रिल, रविवार

चर्चला गेलो नाही. ब्लांच एकटी गेली. चुलीत काल त्यातलेच तुकडे जळत होते. मेपल छान जळतो.

११ एप्रिल, शनिवार

जॉर्जी आली. वाळली आहे. आईच्या गळ्यात पडली, माझ्या गळ्यात पडली आणि थेट जिना उतरून खाली. मी मागोमाग. ती छताकडे बघत उभी राहिली. लहानपणी त्या दांड्यांखालून हात वर करून पळायची, सगळे हलवायची, आणि मी ओरडायचो.

"पपा, दांडे कुठायत?"

मी सगळं सांगितलं. आम्लाचा पाऊस, पाखरं, इलिनॉयचे चार. कात्रण दाखवलं. ती ऐकत होती, पण माझ्याकडे न बघता आईकडे बघत होती. ब्लांच जिन्यावर उभी. दोघी काहीतरी बोलल्या. मी म्हटलं, स्पष्ट बोला, माझ्या पाठीमागे काय कुजबुजता!

"तुझ्या पुढ्यातच बोलतोय पपा," जॉर्जी म्हणाली. मोठ्याने.

मग ब्लांच वर गेली आणि इस्त्रीच्या फळीमागून एक दांडा घेऊन आली. दहा वर्षांचा. त्या दिवशी धुण्याच्या टोपलीत घालून पळवला होता तिने! चाळीस वर्षांच्या संसारात या बाईने माझ्या दुकानातला खिळा उचलला नव्हता. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. ती म्हणाली, "शिव्या दे हवं तर. मला एकच पळवता आला, याचं मला वाईट वाटतंय."

जॉर्जीने तो हातात घेतला. दोन बोटांत धरला, बूड सिमेंटवर आपटलं. बद्द. पण तिचे डोळे भरून आले. तिने परत आपटला आणि मान वाकडी करून ऐकत राहिली. इतका वेळ, जसं काही त्यात ऐकण्यासारखं होतं.

"मेलेला आहे तो, बाळा."

"हा लाव मला."

"मी मढं लावणार नाही."

"पपा, माझा क्यू आहे. हाच लाव. नाहीतर मी लॅडीकाकांच्या भिंतीवरची काठी घेऊन मिलवॉकीला जाईन. देवाशप्पथ जाईन."

जाईल. माझ्यावर गेली आहे.

१६ एप्रिल, गुरुवार

करतोय. लेथवर शेवटचा हात फिरवला, मुठीला जोडणारा आटा कापला, पुढे पांढरी टोपी बसवली, तिच्यावर चामड्याची टिकली. जॉर्जी स्टुलावर बसून असते. तिची करंगळी परत मापली. दांडा सुतासारखा सरळ आहे, गुळगुळीत आहे, सगळं आहे. मेलेल्या माणसाला सूट घालावा तसं वाटतंय.

का करतात लोक एवढं एका काठीसाठी, असं त्या दंतवैद्याच्या बायकोने मला एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, बाई, ती तुमच्या नवऱ्याचं ऐकते. घरात दुसरं कोण ऐकतं त्याचं? ती हसली नाही. पण खरं तेच आहे. लोकांना असं काहीतरी हवं असतं जे फक्त त्यांच्याच हाताला उत्तर देतं. आणि मी माझ्याच पोरीला मुकी काठी देतोय.

१८ एप्रिल, शनिवार

घरभर कोलाचीचा वास. उद्या ईस्टर. जॉर्जी म्हणाली, चल, लॅडीकाकांकडे खेळून बघू. मी नको म्हटलं. म्हणाली, बनवणाऱ्याने यायचं असतं. मला धरून नेलं.

लॅडीने फेब्रुवारीतलं भांडण काढलं नाही, कॉफी दिली. दुपारची वेळ, दुकानात कोणी नव्हतं. जॉर्जीने क्यू जोडला, खडू लावला आणि खेळायला लागली. मी बाकावर बसलो. चेंडू जायचे तिथे जात होते, थांबायचे तिथे थांबत होते. ती हसत होती. मला वाटलं, पोरगी अशी खेळतेय की मढ्यालाही नाचवेल. अभिमान वाटला आणि लाज वाटली, दोन्ही एकदम.

मग तिने क्यू माझ्यापुढे धरला. "एक मार."

"पाठ दुखते."

"एकच, पपा."

मी कित्येक वर्षांत मारलेला नाही. टेबलावर वाकलो. पाठ ताठ, डोळेही आता दगा देतात, म्हणून पार खाली गेलो, आम्ही पोरं असताना जायचो तसा. हनुवटी दांड्यावर टेकली. लॅडी काहीतरी म्हणाला, बहुतेक टवाळी. मी मारला.

काय झालं ते कसं लिहू? आवाज आला. कानात नाही. हनुवटीतून जबड्यात, जबड्यातून डोक्यात. खणखणीत, वर चढत जाणारा, शेवटी बारीक होत होत थांबणारा. तोच. चाळीस वर्षं ऐकला तोच. मी तसाच वाकून राहिलो. जॉर्जीने दुसरा चेंडू ठेवला. मारला. पुन्हा तोच. मग हनुवटी जरा उचलली आणि मारला, तर बद्द. टेकवली, मारला, गायला.

तीन-चारदा केलं असेल. पाचव्यांदा हात उचलेना.

लाकूड जिवंत होतं.

लाकूड जिवंत होतं! सगळं. त्याला काही झालंच नव्हतं. मी टेबलाच्या कडेला डोकं टेकलं आणि लॅडीच्या हिरव्या कापडावर लहान पोरासारखा रडलो. जॉर्जी माझ्या कानाशी येऊन काहीतरी सांगत होती. तिचा श्वास लागत होता मानेला. शब्द एक येत नव्हता.

२० एप्रिल, सोमवार

जॉर्जी सकाळी गेली. एकच दांडा घेऊन. तिला दोन हवे होते, माझ्याकडे पन्नास होते. गाडीत बसताना म्हणाली, आणि माझ्याकडे तोंड करून सावकाश म्हणाली, म्हणून कळलं: "हा मोडणार नाही, पपा." मी म्हटलं, मोडला तर? ती म्हणाली, "मोडला तर मोडला." आणि काच वर केली. मिलवॉकीत त्याला चीर गेली तर पोरीचं सगळं तिथेच संपेल, आणि ते मी केलेलं असेल. लाकडाने नाही, पावसाने नाही.

ती गेल्यावर अंगणात चुलीच्या ढिगापाशी जाऊन बसलो. बरेचसे जळले आहेत. एप्रिल लागला तरी थंडी होती. राहिलेल्यांतला एक तुकडा उचलला, एक टोक दातांत धरलं, दुसऱ्यावर दगडाने टिचकी मारली. अर्धा कापलेला असूनही वाजला. दुसरा घेतला. वाजला. हा माझा नव्हे, इलिनॉयच्या दोस्ताचा होता, बारा वर्षांचा. वाजला.

ब्लांच एप्रनला हात पुसत बाहेर आली. समोर लाकडावर बसली आणि दगड माझ्या हातातून घेतला. मी दातांत धरायचा, तिने वाजवायचं. तिला कानाने ऐकू येत होतं, मला दातांनी. प्रत्येकाला ती मान डोलवायची. मीही डोलवायचो. एक तरी बद्द निघावा अशी मी देवाची प्रार्थना करत होतो. एक तरी. एकही निघेना.

कितीतरी वेळाने तिने दगड खाली ठेवला आणि काहीतरी म्हणाली. पुरे कर आता, असं म्हणाली असावी.

मी पुढचा तुकडा दातांत धरला.